सर्वाधिक दुवे असलेले प्रथिन हेच औषधाचे लक्ष्य मानावे का? (चुकीच्या घडीचे आजार आणि जाळ्यांचे विश्लेषण)

नवशिकी:

मी जैवमाहितीशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात असून माझा प्रकल्प अल्झायमरवर आहे. आमच्या विभागात अशा प्रकल्पाची वाट आता मळलेली आहे. रोगाशी संबंधित जनुकांची यादी एखाद्या सार्वजनिक संग्रहातून उतरवून घ्यायची, ती 'स्ट्रिंग' या प्रथिनांच्या परस्परसंबंधांच्या संग्रहात टाकून प्रथिनांच्या आंतरक्रियांचे जाळे मिळवायचे, ते 'सायटोस्केप' या जाळी पाहण्याच्या संगणक-प्रणालीत उघडून सर्वाधिक दुवे असलेली पहिली दहा प्रथिने 'हब' म्हणून निवडायची, आणि त्यांतल्या दोन-तीनांवर एखाद्या वनस्पतीतील संयुगांचे डॉकिंग, म्हणजे ती प्रथिनाला कशी चिकटतील याचा संगणकी अंदाज, करून दाखवायचे. माझ्या वाट्याला हळद आली आहे.

माझ्या पहिल्या दहांत टीपी५३, एकेटी१, अल्ब्युमिन, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ, गॅपडीएच आणि इन्सुलिन ही नावे आली. ज्याच्या तुकड्यांपासून बीटा-अमायलॉइड तयार होते ते एपीपी आठव्या क्रमांकावर आहे आणि याच आजारात चेतापेशींत गुठळ्या करणारे टाऊ हे प्रथिन यादीतच नाही. शेजारच्या टेबलावर बसणारी माझी मैत्रीण संधिवातावर काम करते. सहज म्हणून आम्ही दोघींच्या याद्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर दहांपैकी सात नावे तीच निघाली. मार्गदर्शकांना हे सांगितले तेव्हा, ही प्रथिने किती महत्त्वाची आहेत हेच यातून सिद्ध होते, असे उत्तर मिळाले.

मला ते पटलेले नाही. अल्ब्युमिन यकृतात तयार होते आणि रक्तात फिरते, ते अल्झायमरच्या केंद्रस्थानी कसे? शिवाय हा आजार ज्या घटनेपासून सुरू होतो, म्हणजे बीटा-अमायलॉइड ही चाळीस-बेचाळीस अमिनो आम्लांची एक छोटी साखळी चुकीची घडी (चुकीचा त्रिमितीय आकार) धरते आणि शेजारणीलाही तीच घडी धरायला लावते, ती घटना माझ्या चित्रात कुठेच दिसत नाही. या पद्धतीने चुकीच्या घडीच्या आजारांविषयी खरोखर काही कळते का, आणि त्यातून उपचारापर्यंत कधी कोणी पोहोचले आहे का?

दुवे मोजणारा:

तुमच्या मनात शंका आली आणि तुम्ही दोन याद्या शेजारी ठेवून पाहिल्या, यातच प्रकल्पाचा निम्मा भाग झाला आहे असे मी समजतो. ती सात नावे अल्झायमरची नाहीत आणि संधिवाताचीही नाहीत; ज्या प्रथिनांवर सर्वाधिक शोधनिबंध लिहिले गेले त्यांची ती नावे आहेत. 'स्ट्रिंग'मधला दुवा म्हणजे दोन प्रथिने एकमेकांना प्रत्यक्ष चिकटतात असे नव्हे. त्यात प्रयोगांचा पुरावा असतो, तसाच दोन जनुके एकाच वेळी व्यक्त (म्हणजे पेशीत सक्रिय) होतात हा पुरावा असतो, आणि दोन नावे एकाच निबंधाच्या गोषवाऱ्यात वारंवार येतात हाही असतो. रक्ततपासणीत अल्ब्युमिन जवळजवळ प्रत्येक रोगात मोजले जाते आणि गॅपडीएच तर प्रयोगशाळेत तुलनेचे माप म्हणून दर दुसऱ्या निबंधात हजर असते. त्यामुळे त्यांना दुवे फुटणारच. तुम्ही रोगाचे जाळे पाहत नसून ग्रंथालयाचे जाळे पाहत आहात.

म्हणून आधी एक साधी गोष्ट करून पाहा. मजकुरावरून काढलेल्या पुराव्याची खूण काढून टाका, केवळ प्रायोगिक पुरावा ठेवा, आणि दुव्याच्या खात्रीची ०.४ ही जी मर्यादा आपोआप लागते ती वाढवून पुन्हा जाळे काढा. त्यानंतर प्रत्येक प्रथिनाच्या दुव्यांची संख्या तीच ठेवून दुवे हजार वेळा विस्कटा, आणि तुमच्या यादीतील प्रथिने मूळ जाळ्यात एकमेकांच्या जितकी जवळ आहेत तितकी या विस्कटलेल्या जाळ्यांतही येतात का ते पाहा. येत असतील, तर तुमच्या चित्राला काही म्हणायचेच नाही असे समजावे. मेन्शे, बाराबासी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १३,४६० प्रथिने आणि १,४१,२९६ दुव्यांच्या जाळ्यावर २९९ रोग बसवले, तेव्हा एका रोगाची प्रथिने खरोखर एका वस्तीत राहतात की विखुरलेली असतात हे त्यांनीही अशाच यादृच्छिक तुलनेने ठरवले होते. निबंधांच्या पक्षपातापासून बऱ्याच अंशी मुक्त असा नकाशा हवा असेल, तर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला मानवी संदर्भ-नकाशा पाहा. त्यात सुमारे १७,५०० प्रथिने, कोण प्रसिद्ध आणि कोण अप्रसिद्ध हे न पाहता, यीस्टमध्ये एकमेकांसमोर उभी केली गेली आणि सुमारे ५३,००० दुवे मिळाले.

मात्र या पद्धतीने घडीच्या आजारांविषयी काहीच कळत नाही असे म्हणणे चूक ठरेल. बर्लिनमधील वान्कर यांच्या गटाने २००४ मध्ये हंटिंग्टन रोगाचे जाळे संग्रहातून न उचलता स्वतः प्रयोग करून विणले. त्या रोगात चुकीची घडी धरणाऱ्या हंटिंग्टिन या प्रथिनापासून सुरुवात करून त्यांना १८६ दुवे मिळाले, पण ते तिथे थांबले नाहीत. त्या जाळ्यातील कोणते प्रथिन हंटिंग्टिनच्या गुठळ्या वाढवते हे त्यांनी पेशींमध्ये तपासले आणि जीआयटी१ हे नाव पुढे आले. जाळ्याने शेकडोंतून मोजकी नावे निवडून दिली आणि निकाल प्रयोगाने दिला. तुमच्या विभागातील मळलेल्या वाटेवर नेमका हाच शेवटचा टप्पा गळतो आणि त्याच्या जागी डॉकिंग येते.

हळदीविषयी एक वेगळी सूचना करतो, राग मानू नये. कर्क्युमिन हे हळदीतले संयुग रेणू तपासणाऱ्यांमध्ये कुप्रसिद्ध आहे. ते अस्थिर आहे, स्वतः चमकते, आणि नाना प्रकारच्या चाचण्यांत खोटा होकार देते. शिवाय पोटातून ते रक्तात फारच थोडे पोहोचते. डॉकिंगमध्ये ते कशालाही छान चिकटलेले दिसेल.

प्रयोगशाळेतली:

वरील प्रतिसाद योग्य आहे, पण तुमच्या दुसऱ्या शंकेला, म्हणजे जाळ्यात घडी कुठे आहे या प्रश्नाला, त्यात उत्तर मिळालेले नाही. खरे सांगायचे तर घडी त्यात नाहीच. जाळ्यातला बिंदू हा प्रथिनाच्या नावाचा असतो, त्याच्या अवस्थेचा नसतो. उदाहरणार्थ, पार्किन्सन रोगात साठणारे अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन पेशीत सुटे असते, पटलाला चिकटलेले असते किंवा तंतू होऊन बसलेले असते; आयआयटी मुंबईच्या गटाने २०२० मध्ये दाखवले की तंतू होण्यापूर्वी त्याचे द्रवासारखे थेंब बनतात आणि ते थेंब हळूहळू घट्ट होत जातात. या साऱ्या अवस्थांना चित्रात मिळून एकच वर्तुळ असते. त्यामुळे रोगाचे मूळ जाळ्यात शोधू नये. मूळ घडल्यानंतर पेशीत कोणकोणत्या यंत्रणा, कोणत्या क्रमाने बिघडतात हे शोधावे. त्या कामासाठी जाळे फार उपयोगी पडते, मात्र हाताशी काळ हवा.

याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण प्रायॉनचे, म्हणजे आपली चुकीची घडी संसर्गासारखी पसरवणाऱ्या प्रथिनाचे, आहे. तिथे सुरुवातीचा दिवस माहीत असतो, कारण उंदराच्या मेंदूत प्रायॉन आपणच टोचलेला असतो. लिरॉय हूड यांच्या गटाने प्रायॉनवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांसह २००९ मध्ये उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांना वेगवेगळे प्रायॉन देऊन, ठरावीक आठवड्यांनी मेंदू काढून, जनुकांची अभिव्यक्ती मोजली. काही उंदरांमध्ये प्रायॉनचे मूळ प्रथिन दुपटीहून अधिक होते आणि ते दोनेक महिन्यांत आजारी पडले. काहींमध्ये ते निम्मेच होते आणि त्यांना वर्षाहून अधिक काळ लागला. काहींमध्ये ते मुळीच नव्हते आणि ते आजारी पडलेच नाहीत. एका वाणात बदललेली जनुके हजारोंनी असतात. सगळ्या वाणांत मिळून जी सातत्याने बदलली ती ३३३ निघाली, आणि ती जाळ्यावर बसवल्यावर प्रायॉनची साठवण, ग्लिया या मेंदूतील साहाय्यक पेशींचे उत्तेजित होणे, चेतासंधींचा ऱ्हास आणि चेतापेशींचा मृत्यू हे टप्पे वेळेच्या क्रमाने दिसू लागले. यातील बरेच बदल उंदीर बाहेरून धडधाकट दिसत असतानाच सुरू झालेले होते. हजारोंची यादी शेकड्यांवर आली ती वाणांच्या आणि वेळेच्या निवडीमुळे. हब मोजून ती कमी झालेली नाही.

आता उपचाराकडे वळते. इथे जाळ्याची आणखी एक मर्यादा उघडी पडते आणि तिच्याविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे. पेशीत चुकीच्या घडीची प्रथिने साठली की पर्क नावाचे एन्झाइम जागे होते आणि ईआयएफ२-अल्फा या प्रथिनावर फॉस्फेट बसवते. त्यासरशी पेशीतील प्रथिननिर्मिती मंदावते. आत कचरा साठला असताना नवा माल बनवणे थांबवावे, अशी ही शहाणी व्यवस्था आहे. जिओव्हाना मालुची यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले की प्रायॉन झालेल्या उंदरांत ही व्यवस्था एकदा सुरू झाली की बंदच होत नाही. चेतासंधींना लागणारी प्रथिने एकाएकी कमी होतात आणि चेतापेशी मरू लागतात. फॉस्फेट काढून टाकणारे प्रथिन वाढवले तेव्हा उंदीर अधिक जगले. उलट साल्युब्रिनल हा रेणू दिला, जो फॉस्फेट टिकवून धरतो, तेव्हा ते लवकर दगावले. पण तेच साल्युब्रिनल २००९ मध्ये दुसऱ्या एका गटाने एएलएस या स्नायू दुबळे करणाऱ्या चेताविकाराच्या, म्हणजे एसओडी१ प्रथिनाची घडी बिघडलेल्या, उंदरांना दिले होते आणि तिथे त्याने आजाराची गती कमी केली होती.

जाळ्यात हे दोन्ही निष्कर्ष एकाच रेघेने दाखवले जातात: साल्युब्रिनल, ईआयएफ२-अल्फा, घडीचा आजार. त्या रेघेला अधिक-उण्याचे चिन्ह नाही, मात्रा नाही आणि तारीखही नाही. ही व्यवस्था सुरुवातीला तात्पुरती चालू राहिली तर पेशीला वाचवते आणि अखेरपर्यंत अडकून पडली तर मारते, म्हणून औषध कोणत्या दिशेने द्यायचे हे आजाराच्या टप्प्यावर अवलंबून असते. २०१३ मध्ये पर्कलाच रोखणारा रेणू देऊन प्रायॉनचे उंदीर वाचवता आले, पण त्यांचे वजन घटले आणि रक्तातील साखर किंचित वाढली, कारण स्वादुपिंडालाही पर्क लागते. हीसुद्धा जाळ्याचीच गोष्ट आहे, फक्त ती मेंदूबाहेरच्या जाळ्याची आहे. तुमच्या यादीतील इन्सुलिनचे हब पाहून मला हे आठवले.

निवृत्त हृदयवैद्य:

मी गणिती नाही आणि या क्षेत्रातला संशोधकही नाही, परंतु चुकीच्या घडीचा एक आजार अनेक वर्षे खाटेशेजारी उभे राहून पाहिला आहे, म्हणून थोडे लिहितो. ट्रान्सथायरेटिन हे यकृतात तयार होणारे प्रथिन चार घटकांच्या जुळणीने स्थिर राहते. ती जुळणी सुटली की सुटे घटक चुकीची घडी घेऊन हृदयाच्या स्नायूंत साठतात आणि हृदय चामड्यासारखे ताठ होते. या रुग्णांना पूर्वी आम्ही केवळ लघवीची औषधे देत असू, आणि कित्येकदा तर निदानच वयोमानाचे हृदय असे लिहिले जाई.

आज त्यावर टॅफामिडिस हे औषध आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४४१ रुग्ण होते आणि तीस महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकी २९.५ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ४२.९ टक्के दगावले. माझ्या वाचनाप्रमाणे या औषधाच्या शोधात कोणत्याही जाळ्याचा हात नव्हता. पोर्तुगालमधील काही कुटुंबांत रोगाचे उत्परिवर्तन असूनही काही माणसे आजारी पडत नव्हती, कारण त्यांच्याकडे त्याच जनुकाचे दुसरे, संरक्षक रूप होते आणि त्याने चार घटकांची जुळणी अधिक घट्ट होत होती. जे निसर्गाने केले ते एका लहान रेणूने करून पाहावे, एवढीच ती कल्पना होती. एक प्रथिन, एक पायरी आणि तिचा वेग. मग हजारो दुव्यांचा हा पसारा कशासाठी, असे एखाद्या वैद्याने विचारले तर त्याला काय सांगावे?

दुवे मोजणारा:

डॉक्टरसाहेब, आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे की जिथे गुन्हेगार प्रथिन एकच आहे, ते रक्तात सहज सापडते आणि त्याची मंद पायरी माहीत आहे, तिथे जाळ्याची गरज नाही. प्रायॉनमध्येही मूळ प्रथिनच काढून टाकणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. ते नसलेले उंदीर आजारी पडत नाहीत हे १९९३ मध्येच दाखवले गेले होते. पसारा लागतो तो वृद्धापकाळी येणाऱ्या सर्वसाधारण अल्झायमरसारख्या आजारांत. तिथे बहुतेक रुग्णांत एपीपीमध्ये उत्परिवर्तन नसते आणि तरीही गुठळ्या साठतात.

तिथे जाळ्याने एकदा तरी खरी दिशा दाखवली आहे. २०१३ मध्ये बिन झांग आणि सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या १,६४७ मेंदूनमुन्यांतील अभिव्यक्तीवरून जाळे बांधले. ते कोणती जनुके बरोबरीने वरखाली होतात यावरून काढलेले होते, निबंधांवरून नव्हे. त्यांच्या क्रमवारीत चेतापेशींचा गट अग्रभागी आला नाही. मायक्रोग्लिया या रक्षक पेशींचा गट आला आणि त्याच्या मुळाशी टायरोबीपी हे प्रथिन दिसले. त्याच सुमारास, जनुकीय अभ्यासाच्या अगदी वेगळ्या वाटेने, ट्रेम२ या प्रथिनातील एक दुर्मीळ बदल अल्झायमरचा धोका बराच वाढवतो हे कळले होते, आणि ट्रेम२ पेशीच्या आत संदेश पोहोचवते ते टायरोबीपीच्याच मार्फत. दोन स्वतंत्र वाटा एका दारात भेटल्या, म्हणून त्या निष्कर्षाला वजन आले.

पण गोष्ट इथेच थांबवली तर ती जाहिरात होईल. ट्रेम२ला चालना देणाऱ्या एएल००२ या प्रतिपिंडाची दुसऱ्या टप्प्यातील चाचणी २०२४ च्या नोव्हेंबरात अपयशी ठरली. आजाराची गती कमी झाली नाही. मायक्रोग्लियाचा संबंध चुकीचा होता असे यातून सिद्ध होत नाही. चालना कधी द्यायची, किती द्यायची, की द्यायचीच नाही, हा 'प्रयोगशाळेतली' यांनी वर सांगितलेला अधिक-उण्याचा प्रश्न इथेही तसाच उभा आहे.

जाता जाता आणखी एक संदर्भ देतो, कारण तो तुमच्या प्रकल्पाला थेट उपयोगी पडेल. ब्रेमे, मोरिमोटो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रथिनांना घडी घालायला मदत करणाऱ्या ३३२ मानवी जनुकांची यादी केली, वार्धक्यात आणि घडीच्या आजारांत त्यांपैकी कोणती मंदावतात हे मेंदूच्या नमुन्यांवरून पाहिले, आणि मग कृमींत व मानवी पेशींत एकेक जनुक बंद करून २८ जनुकांचा गाभा वेगळा काढला. तुमची यादी संग्रहातून उतरवण्याऐवजी अशा प्रश्नापासून निघाली असती तर?

नवशिकी:

सर्वांचे मनापासून आभार. कालची रात्र त्यातच गेली. मजकुराचा पुरावा काढला आणि मर्यादा ०.७ केली, तेव्हा अल्ब्युमिन आणि इन्सुलिन पहिल्या पन्नासांतूनही बाहेर गेले आणि जाळ्याचे अनेक तुकडे झाले. दुवे विस्कटून पाहिल्यावर उरलेल्या गटांपैकी दोनच टिकले. त्यांपैकी एकात घडीला मदत करणारी प्रथिने आणि प्रोटिआसोम या निकामी प्रथिनांची विल्हेवाट लावणाऱ्या यंत्रणेचे घटक आहेत, आणि तो मला अर्थपूर्ण वाटतो. मग मी मेंदूच्या ऊतींच्या एका सार्वजनिक संचात त्या गटाची अभिव्यक्ती पाहिली, तर रुग्णांमध्ये ती स्पष्टपणे कमी आहे. मला फार आनंद झाला, पण आता इतका सहज आनंद झाला की भीती वाटते. घडीची यंत्रणा रोगात मंदावते असे मी लिहू शकते का?

प्रयोगशाळेतली:

अजून नाही. रुग्णांच्या मेंदूत चेतापेशी मेलेल्या असतात. चेतापेशी सतत आणि मोठ्या प्रमाणात प्रथिने बनवत असल्यामुळे घडीची आणि विल्हेवाटीची यंत्रणा त्यांच्यात भरपूर असते. ऊतीचा तुकडा सबंध दळून मोजला की चेतापेशींचे प्रमाण घटल्यामुळेही ही जनुके कमी दिसतील, मग जिवंत उरलेल्या प्रत्येक पेशीत ती पूर्वीइतकीच का असेनात. बाजारात आंबेवाल्यांच्या गाड्या निम्म्या झाल्या म्हणजे उरलेल्या प्रत्येक गाडीवरचे आंबे कमी झाले असे होत नाही. मी स्वतः हीच चूक करून एक अख्खे वर्ष घालवले आहे, आणि ती परीक्षकांच्या नाही तर एका कनिष्ठ सहकाऱ्याच्या लक्षात आली.

२०१९ मध्ये ४८ व्यक्तींच्या मेंदूच्या कपाळामागील बाह्यकातून ८०,६६० पेशीकेंद्रके एकेक करून मोजलेला संच प्रसिद्ध झालेला आहे. तुमचा गट त्यातील केवळ उत्तेजक चेतापेशींत तपासा, आजाराच्या सुरुवातीच्या आणि नंतरच्या टप्प्यांतील व्यक्ती वेगवेगळ्या ठेवा, आणि प्रत्येक व्यक्ती हा एक नमुना धरा; केंद्रकांची संख्या नमुना म्हणून धरली तर कोणताही फरक लक्षणीय दिसेल. तिथेही गट कमी दिसला तर तुमचे वाक्य लिहा, आणि दिसला नाही तर तेही लिहा. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला दुसरा निष्कर्षही पुरेसा आहे.

नवशिकी:

संच उतरवायला लावला आहे. हळदीचे प्रकरण प्रबंधात ठेवावेच लागेल असे मार्गदर्शकांचे म्हणणे आहे, तेव्हा ते परिशिष्टात टाकते आणि कर्क्युमिनच्या खोट्या होकारांविषयी त्याच पानावर लिहिते.